परतवाचाताई आणि चारशे तीन

आमच्या ऑफिसात मला खडूस म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मी चहाच्या मशीनपाशी पोचलो की बोलणी बंद पडतात, त्यावरून काय ते कळतं. माझं काम सर्व्हर सांभाळायचं. सगळं सुरळीत असलं की मी जिवंत आहे का हेही कुणी विचारत नाही, आणि काही बंद पडलं की पहिली बोंब माझ्या नावानं. वीस वर्षं हे ऐकून माणूस खडूस नाही होणार तर काय गोडबोल्या होणार? आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी चांगली शोभा झालेली आहे. आणि ती मी माझ्या हातानं करून घेतली.

गोष्ट परतवाचाताईंची आहे. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात दुसरं नाव कुणी घेतच नाही. कुणी काही वाचून दाखवलं की ताई चष्मा नाकावर खाली ओढतात, वरून बघतात आणि म्हणतात, “परत वाचा.” मग तुम्ही परत वाचता, आणि तुमची चूक तुम्हालाच सापडते. भारी राग येतो. त्यांच्याकडे दोन चष्मे. एक नाकावर, एक डोक्यावर, आणि दिवसातून तीनदा त्या ऑफिसभर शोधत असतात तो डोक्यावरचा.

नऊ माणसांची आमची कंपनी. डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी आम्ही वेबसाइट बनवतो. पेशंटनं घरबसल्या तपासणीची तारीख घ्यावी, उजाडायच्या आधी दारात रांग लावू नये, एवढाच तिचा हेतू. ही वेबसाइट लोकांपुढं जाण्याआधी कुठं कुठं मोडते ते शोधायचं, हे ताईंचं काम. वय पंचावन्न. आमच्यातल्या बाकीच्यांची सरासरी काढली तर तीस भरेल, तीही माझ्यामुळे.

त्याआधी बावीस वर्षं त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. कथाकादंबऱ्या नव्हेत हो. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, बसची वेळापत्रकं, परीक्षांचे निकाल. म्हणजे जिथं एक आकडा इकडचा तिकडं झाला की कुणाची तरी पंचाईत. एका वर्षी प्रसूतिगृहाच्या नंबरातला एक आकडा चुकला आणि सगळे फोन एका निवृत्त मास्तरांच्या घरी जायला लागले. मास्तर बिचारे वर्षभर बाळंतिणींच्या नातेवाइकांशी बोलत राहिले. शेवटी शेवटी तर म्हणे, “घाबरू नका, पहिलटकरणीला वेळ लागतोच,” असा धीरही द्यायला लागले. ताई हे सांगताना स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणतात, “पण ती चूक माझ्या हातून गेली होती, भाऊ.”

छापखान्यात तपासायची पद्धत दोघांची. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर फूटपट्टी सरकवत बघायचं. वाचणाऱ्यानं काही म्हणजे काही गाळायचं नाही. स्वल्पविराम आला तर ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, कंस आला तर ‘कंस सुरू’, ‘कंस बंद’. ही पद्धत ताईंनी आमच्याकडं आणली. कॉम्प्युटरवर चूक आली आणि दोन तासांत उलगडली नाही, की ताई कागद छापून आणणार, एक तुमच्या हातात देणार आणि म्हणणार, “चला, बसा वाचायला.” मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. शिकलेला माणूस मी, ‘तिरकी रेघ, तिरकी रेघ, ठिपका’ करत बसायचं म्हणजे काय!

छापखाना बंद झाला तेव्हा ताई सत्तेचाळीसच्या. मुलीच्या वयाच्या पोरापोरींत बसून कॉम्प्युटर शिकल्या. आमच्याकडं लागल्या, हातानं तपासायला लागल्या. बावन्नाव्या वर्षी त्यांच्या डोक्यात भरलं की आपण स्वयंचलित चाचण्या लिहायच्या. म्हणजे असा प्रोग्रॅम की तो स्वतःच ब्राउझर उघडतो, स्वतःच बटणं दाबतो, नाव भरतो, तारीख निवडतो. स्क्रीनवर अक्षरं आपोआप उमटायला लागतात, बघणारा पहिल्यांदा दचकतोच. ताईंनी अशा दोनशे बारा चाचण्या लिहिल्या, आणि प्रत्येकीत एक माणूस उभा केला. एकच बटण चारदा दाबणारे घाईचे आजोबा. जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकणाऱ्या विसरभोळ्या आजी. तारीख घेऊन रद्द करणारी, परत घेणारी, परत रद्द करणारी एक मावशी. चाचणी पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. सकाळी आल्या आल्या ताई बघणार आणि म्हणणार, “माझी सगळी माणसं बरी आहेत हो.”

मग आम्ही आमच्या जुन्या यंत्रांवरून क्लाउडवर गेलो. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, दुसऱ्याची यंत्रं, आपण भाडेकरू. तिथं वेबसाइटची एक चाचणीची प्रत ठेवली, आणि परक्या कुणी डोकावू नये म्हणून मी तिला कुलूप घातलं. ताईंच्या चाचण्यांना आत यायला एक गुप्त पास दिला. ब्राउझर जेव्हा काही मागतो तेव्हा मागणीबरोबर माहितीच्या पंधरा-वीस ओळी जातात, त्यांत ही पासाची एक ओळ. पास दिसला की दार उघडायचं, नाही दिसला तर चारशे तीन. चारशे तीन हा आमच्यातला आकडा, त्याचा अर्थ ‘प्रवेश नाकारला’.

सोमवारी सकाळी ताईंनी क्लाउडवर पहिल्यांदा चाचण्या चालवल्या. एक्केचाळीस हिरव्या, एकशे एकाहत्तर लाल. घाईचे आजोबा दारात, विसरभोळ्या आजी दारात, सगळ्यांना चारशे तीन. त्याच चाचण्या ताईंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या बिनकुलपाच्या प्रतीवर चालवल्या की सगळ्या हिरव्यागार.

आमच्या मॅडम वयानं लहान, डोक्यानं तल्लख आणि कायम घाईत. त्यांनी सरळ सांगितलं, “शुक्रवारी अकराला मी निर्णय घेणार. तोपर्यंत जमलं नाही तर चाचण्यांचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ. ताई, तुम्ही फोनच्या टेबलावर बसा, पेशंटशी तुम्ही छान बोलता.” बोलायला गोड, पण ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. आठ वर्षं शिकून जे उभं केलं ते एका वाक्यात गेलं असतं.

मॅडमनी मला विचारलं, “तुमच्या बाजूनं काही?”

मी दाराची नोंद बघितलेली होती. माहिती जिथून मिळते त्या दारावर, ज्याला आम्ही एपीआय म्हणतो, प्रत्येक नकारापुढं स्पष्ट लिहिलेलं होतं की पास आणलेला नाही. मग मी काय म्हणणार? छाती पुढं काढून म्हणालो, “माझी बाजू आरशासारखी स्वच्छ आहे. चाचण्याच पास पाठवत नाहीयेत. लिहिण्यात चूक आहे.” ताई एवढंच म्हणाल्या, “असेल भाऊ. बघते.”

मंगळवार, बुधवार त्या बघत होत्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा चाचण्या त्यांनी ओळीनं परत तपासल्या. डबा तसाच घरी नेला. हसणं बंद. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त वाटलं की बरं झालं, यावेळी खापर माझ्यावर नाही फुटलं.

गुरुवारी सकाळी त्या दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. “एक गंमत आहे, भाऊ. ज्या एक्केचाळीस हिरव्या आहेत ना, त्यांत माझी माणसं नुसती पान बघून परत जातात. काही विचारत नाहीत. ज्यांनी माहिती विचारली ती सगळी लाल. म्हणजे पास त्यांच्या खिशात आहे, पण विचारायला गेल्यावर कुठंतरी पडतोय. हा ब्राउझरनं पाठवलेला कागद. हा तुमच्या दारावर पोचलेला. बसा वाचायला.”

नाक मुरडत बसलो. मी पाठवलेला कागद वाचायचा, त्यांनी पोचलेल्यावर फूटपट्टी सरकवायची. एक, दोन, तीन. भाषा कोणती, ब्राउझर कोणता, तिरकी रेघ, ठिपका, अर्धविराम. घसा कोरडा पडला. बाराव्या ओळीवर मी पास वाचला.

ताईंची फूटपट्टी थांबली. “परत वाचा.”

मी परत वाचला.

“माझ्या कागदावर ही ओळच नाही.”

म्हणजे चाचणीनं पास पाठवला होता, आणि दारावर तो पोचला नव्हता. मधे कुणीतरी खाल्ला. आणि मधे काय होतं? मधे होता माझा सर्व्हर. पानं थेट जायची, माहितीच्या मागण्या मात्र त्या मधल्या सर्व्हरमधून पुढं जायच्या.

तेवढ्यात मॅडमनी ताईंना आत बोलावलं. त्या गेल्या, आणि मी मधल्या सर्व्हरची नियमांची यादी उघडली. सहा महिन्यांपूर्वीचा नियम, ठसठशीत: ओळखीच्या ओळी तेवढ्या पुढं पाठवा, बाकीच्या टाकून द्या. कुणीतरी कचरा पाठवून छळत होतं तेव्हा मी घातलेला. तेव्हा पास जन्मालाही आला नव्हता, म्हणून ओळखीच्या यादीत तो नव्हता. आणि नंतर पास बनवणारा मीच तो नियम साफ विसरून गेलो होतो. ज्या दाराचं कुलूप मी केलं, ज्याची किल्ली मी दिली, तिथल्या वाटेवरच मी किल्ल्या काढून घेणारा माणूस बसवला होता, आणि वर चार दिवस ओरडत होतो की या बाईला किल्ली धरता येत नाही.

आता शहाण्या माणसानं काय करावं? उठून सांगावं. मी काय केलं? यादीत एक शब्द वाढवला, साठवलं, आणि गप्प बसलो. ताई परत आल्या तेव्हा तोंड शक्य तितकं भोळं करून म्हणालो, “एकदा परत चालवून तर बघा.”

दोनशे बारा हिरव्या. ऑफिसात टाळ्या पडल्या, कुणीतरी बिस्किटांचे पुडे फोडले. ताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. “मधे काय झालं, भाऊ?”

“क्लाउड आहे ताई. होतं असं कधीकधी.”

“आपोआप लाल, आपोआप हिरवं?”

“हो ना!”

त्यांनी वहीत वेळ लिहून घेतली.

संध्याकाळी बायकोला हसत हसत सांगितलं. वाटलं, म्हणेल, सुटलास बाबा. ती भाजी निवडत होती, हात थांबला. “म्हणजे तू खोटं बोललास? आणि तेही इतक्या रटाळ गोष्टीपायी?”

“अगं, झालं ना सगळं नीट! त्यांचं काम वाचलं.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. वीस वर्षं मी जगावर ओरडत आलोय की माझ्यावर उगाच आळ घेता, आणि जेव्हा खरोखर माझं चुकलं तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. रात्रीचं जेवण बायकोनं माझ्यापुढं जरा जोरात ठेवलं.

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं. मला वाटत होतं, दोन मिनिटांत संपेल. ताईंनी कागद काढला आणि वाचायला लागल्या, “दोनशे बारापैकी दोनशे बारा चाचण्या हिरव्या. गुरुवारी अकरा चाळीसपर्यंत एकशे एकाहत्तर लाल होत्या. या काळात मी काहीही बदललेलं नाही. कारण माहीत नाही. जे आपोआप बरं झालं ते आपोआप परत बिघडू शकतं. तेव्हा या निकालावर भरवसा ठेवू नये, अशी माझी शिफारस.”

मॅडम बघतच राहिल्या. “ताई, अहो, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. कारण माहीत नसेल तर मला काम बाहेरच द्यावं लागेल.”

“द्या,” ताई म्हणाल्या. “पण माहीत नाही ते माहीत आहे असं मी नाही लिहिणार. दवाखान्यात म्हातारी माणसं येतात.”

देवा रे! मी गप्प राहून त्यांना वाचवलंय असं समजत होतो, आणि ही बाई माझ्या गप्प राहण्यापायी बुडायला निघाली होती.

“कारण माहीत आहे,” मी म्हणालो. “मला माहीत आहे.”

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी ततपप करायला लागलो, मधला सर्व्हर, नियम, यादी, काही धड जुळेना. ताईंनी शांतपणे मॅडमचा लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. “बदलांची नोंद असते ना तुमच्यात? ती वाचा. गाळू नका.”

मी वाचली. सहा महिन्यांपूर्वीची तारीख. नियम काय घातला. बदल करणारा कोण, तिथं माझं नाव. खाली दुसरी नोंद, काल, गुरुवार, अकरा शेहेचाळीस. यादीत पास वाढवला. बदल करणारा, परत मीच.

“आणि कारणाचा रकाना?” ताईंनी विचारलं.

“रिकामा आहे.”

मग मॅडम म्हणाल्या, “सोमवारी तुम्ही मला किती ठामपणे सांगितलं होतं!”

“हो. ठामपणा हा माझा जुना आजार आहे,” मी म्हणालो. “चूक माझी, ताईंची काडीचीही नाही. आणि ही चूक कुठं आहे ते त्यांनीच शोधलं. मी फक्त लपवली.”

मॅडमनी बाहेरच्या कंपनीला तिथल्या तिथं फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तुमच्याशी सोमवारी बोलते.” ते बोलणं काय झालं ते मी इथं सांगणार नाही, पण यापुढं माझा प्रत्येक बदल ताईंना वाचून दाखवल्याशिवाय पुढं जात नाही, एवढं कळलं तरी पुरे.

मी ताईंची माफी मागितली, लगेच, बाहेर आल्या आल्या. ताईंनी वहीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मॅडमच्या नावानं लिहिलेला अर्ज. तारीख बुधवारची. ‘माझ्या चाचण्यांत दोष आहे असं सर्व्हरचे काम पाहणारे भाऊ म्हणतात. ते अनुभवी आहेत, तेव्हा तसंच असणार. मला शोधूनही सापडत नाही, म्हणजे हे काम आता माझ्याच्यानं होत नाही. मला फोनच्या टेबलावर बसवावं.’ खाली सही ताईंची. बाकीचं अक्षर त्यांचं नव्हतं.

“आमच्या ह्यांनी लिहून दिलं,” ताई म्हणाल्या. “माझा हात चालेना. तुम्ही एक काम करा. सुटल्यावर घरी चला, आणि हे सगळं त्यांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मन राखायला सांगतेय.”

सहा वाजता मी ताईंच्या घरी, दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसलेला. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक, अंगानं आडवेतिडवे, मिशा भरघोस. मी सगळं सांगितलं, नियम, यादी, गुरुवार, रिकामा रकाना, काही गाळलं नाही. ते ऐकत होते, मधेमधे मान हलवत होते. मान हलवायची पद्धत अशी की आता हा माणूस उठून मला दोन ठेवून देतो की काय.

“म्हणजे हिचं काही चुकलंच नव्हतं?”

“काहीच नाही.”

“चार दिवस ही रडवेली होऊन बसली होती,” ते म्हणाले, “आणि मी हिला सांगत होतो, वय झालं, सोड आता. ही म्हणायची, माझी माणसं असं वागायची नाहीत. मी म्हणायचो, अगं, तो एवढा जाणता माणूस, तो खोटं कशाला बोलेल?”

मी जमिनीकडं बघत राहिलो. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. मॅडमनी बोललेलं परवडलं, बायकोनं आपटलेलं ताट परवडलं, पण हा माणूस मला ओळखतही नव्हता आणि स्वतःच्या बायकोपेक्षा त्यानं माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता.

यजमानांनी अर्जाचा कागद उलटसुलट करून बघितला, स्वतःचंच अक्षर. मग आवाज खाली आणून मला विचारलं, “म्हणजे आता मलाही माफी मागावी लागणार?”

“लागेल असं दिसतंय.”

“तुम्ही मागितली?”

“मागितली, दुपारी.”

“मिळाली?”

“अजून नाही.”

“अरे बापरे,” यजमान म्हणाले, आणि आम्ही दोघंही आतल्या दाराकडं बघायला लागलो.

ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. कप ठेवले, समोरच्या खुर्चीत बसल्या, नाकावरचा चष्मा खाली ओढला आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते त्यांनी नेटानं दाबून धरलं होतं.

“दोघांनी एकदम बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “एकेकानं. आधी अहो तुम्ही. भाऊंचं नंतर ऐकते.”

यजमानांनी कप खाली ठेवला आणि घसा खाकरला.